‘फँड्री’ घरात बघताना



दिवाळीत गावी, ठाणाकुशनूरला, गेलो की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, असा आमच्या घरचा नियम आहे. यंदा पोरांची फर्माईश ‘सैराट’ची होती. मी म्हटलं, तो पाठ झालाय. आज नागराज मंजुळेंचा पहिला सिनेमा बघू. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि ‘फँड्री’ लावला.

हा सिनेमा १४ फेब्रुवारी २०१४ ला प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. गोष्ट साधी आहे. जब्याला वर्गातली शालू आवडते. तिला वश करायला काळी चिमणी हवी म्हणून तो रानोमाळ फिरतो. घरची ओळख मात्र त्याला लपवायची असते, कारण गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्या घराकडे आहे.

जब्याच्या घरात कैकाडी बोलतात. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडीत डुक्कर. पुतणी लगेच म्हणाली, “काका, हे आपल्यासारखंच की! घरात मराठी, शाळेत कन्नड.” तिथपर्यंत सगळे मजेत होते.

मग डुक्कर पकडायचा प्रसंग आला. जब्याचं सगळं कुटुंब डुकरामागे धावतंय, शाळेतली पोरं आणि गावातली माणसं बघून हसताहेत, कुणी मोबाईलवर फोटो काढतंय. आमच्या खोलीतही हशा पिकला. मधेच राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी थांबतात, तेव्हा तर पोरं लोळायचीच बाकी होती. आजी तेवढी म्हणाली, “हसलालेत कामून रे? लेकरू रडलालंय की.”

शेवटी जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड सरळ आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

“संपला? पुढं काय झालं?” धाकटा पुतण्या. “हा काय शेवट झाला?” मोठा. काका म्हणाले, “चांगलाय सिनेमा. पण आता तसलं काय राहिलं नाही.” आजी काहीच बोलली नाही, उठून आत गेली.

काकांचं वाक्य ऐकून मीही मान डोलावणार होतो. पण मला चौथीतला माझा एक वर्गमित्र आठवला. त्याच्या घरी डुकरं पाळायचे. त्याला आम्ही नावानं हाक मारलीच नाही. तो वर्गात आला की पोरं नाक दाबून एक आवाज काढायची, आणि त्या पोरांत मीही होतो. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. मी पुढे इंजिनिअर झालो, शहरात आलो, आणि ‘फँड्री’ पहिल्यांदा मल्टिप्लेक्समध्ये बघून बाहेर पडताना मित्रांना म्हणालो होतो, “काय जबरदस्त शेवट आहे!” तो दगड माझ्याकडेही आला होता, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

त्या रात्री घरात हे सगळं सांगितलं. पोरं गप्प झाली. पुतणीनं विचारलं, “काका, त्याचं नाव काय होतं?”

मला फक्त आम्ही ठेवलेलं नाव आठवलं. खरं नाव अजून आठवत नाही. यावेळी गावी गेलो की जुन्या सोबत्यांना विचारणार आहे.

मंडळी, तुमच्या घरी वाढती मुलं असतील तर हा सिनेमा त्यांच्यासोबत नक्की बघा. पण मोबाईल बाजूला ठेवून, आणि आपण कुठे हसतो तिकडे जरा लक्ष ठेवून. संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. मुलं काहीतरी विचारतील, त्यांना खरं उत्तर द्या.

भेटू पुढच्या महिन्यात.