घरच्या बिअरचा वाढता दाब

स्कॉटलंडच्या ब्रूडॉग कंपनीने २०१६ मध्ये आपल्या बिअरच्या कृती खुल्या केल्या. त्यात प्रसिद्ध ‘पंक आयपीए’ही होती. मात्र कृती मिळाली, तरी कारखान्यातली तपासणी घरी येत नाही.

अशा बिअरमध्ये आंबवण्याच्या शेवटी सुगंधासाठी हॉप्सची वाळवलेली फुले घालतात. फुलांतील विकरे उरलेल्या पिष्टमय घटकांची साखर करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागते. बाटली आधीच बंद केली असेल, तर वायूचा दाब वाढून ती फुटू शकते. काचेने डोळा जाऊ शकतो. मद्यार्काचे प्रमाणही अंदाजापेक्षा वाढते.

त्यामुळे फुले घातल्यानंतर द्रवाची घनता सलग काही दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. घरची असली, तरी यकृताच्या दृष्टीने ती दारूच.