कच्चे घर, पक्के घर

आंब्याला ‘कच्चा’ म्हटले की तोंडाला पाणी सुटते. हिशेबाला ‘कच्चा’ म्हटले तरी कोणी रागावत नाही. पण घराला ‘कच्चे’ म्हटले की सोयरीकसुद्धा अडते! शब्द शिकवण्याचा धंदा असल्यामुळे असल्या विशेषणांची मला धास्ती वाटते. दिसायला ती गरीब असतात, पण निकाल आधीच देऊन बसलेली असतात.

आमची मोर्शीच घ्या ना. संत्र्यांचा आणि सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो. जुन्या वऱ्हाडी माणसाने जमिनीचे दोन भाग केले होते : काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरीवर राहायचे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर उभारलेली भिंत तडकायचीच. पांढरी माती भिंतींना आणि धाब्याला कामी यायची. हातभर जाडीची भिंत, वर धाबे किंवा कवेलू, पुढे ओसरी. ऊन भिंत ओलांडून आत पोहोचेपर्यंत दिवस मावळत असे.

आता तिथे पातळ विटांची भिंत आणि सिमेंटचा स्लॅब आला आहे. दिवसभर साठवलेले ऊन हा स्लॅब रात्रभर इमानेइतबारे परत करतो. घरातली म्हातारी माणसे खाटा घेऊन अंगणात येतात; अंगण उरले असेल तर! तरी यादीत पहिले घर कच्चे आणि दुसरे पक्के.

‘पक्के म्हणजे काय?’ हा प्रश्न आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात फार पूर्वी विचारला गेला. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. हेच पुढचे सेवाग्राम. तिथले घर आसपासच्या सामानाचे आणि गावच्या कारागिरांच्या हातचे हवे, ही त्यांची अट. मीराबेन यांनी देखरेख केली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या त्या कुट्या आजही उभ्या आहेत.

हाच धडा एका इंग्रजाने जन्मभर गिरवला. बर्मिंगहॅमचे वास्तुशिल्पी लॉरी बेकर महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत अडकले, आणि तिथे त्यांची गांधीजींशी गाठ पडली. १९४५ साली ते परत आले आणि २००७ साली इथेच वारले. घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळावे, हे गांधीजींचे सांगणे ते आवर्जून सांगत. पिथौरागढच्या डोंगरात त्यांनी बरीच वर्षे काढली. डोंगरातल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांना आपल्याहून जास्त कळते, असे त्यांना तिथे आढळले. पदवीधराला हे मान्य करायला किती जड जाते, ते आम्हां प्राध्यापकांना विचारा!

तुम्ही म्हणाल, मातीच्या घराचे कौतुक स्लॅबखाली पंखा लावून करणे सोपे आहे. अगदी खरे. दरसालचे लिंपण, रोजचे सारवण, उधई, गळके छप्पर. आणि हे निस्तरणारे हात बहुधा घरच्या बाईचे. म्हणूनच २०१६ साली सुरू झालेल्या घरकुल योजनेतल्या किमान २५ चौरस मीटरच्या घराची वाट माणसे डोळ्यांत प्राण आणून पाहतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण बेकर कोणाला मातीत परत ढकलत नव्हते. केरळात त्यांनी विटाच वापरल्या, फक्त डोके लावून. विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या रचल्या. मध्ये पोकळी राहिली. सुमारे पाव हिस्सा विटा वाचल्या आणि कोंडलेल्या हवेने ऊनही अडवले. स्लॅबच्या खालच्या अंगाला काँक्रीट भार वाढवण्यापलीकडे फारसे काम करत नाही. तिथे त्यांनी जुनी कौले बसवली. खिडकीऐवजी विटांची जाळी केली. झाड आडवे आले तर भिंत वळवली. आणि त्याआधी घरात राहणाऱ्यांशी बसून बोलणे झालेले असे.

या दिवाळीनंतर तुमच्यापैकी कित्येकांची घरे निघतील, नकाशे पसरले जातील. दर्शनी बाजूच्या रंगाआधी आर्किटेक्टला तीन प्रश्न विचारा : पश्चिमेचे ऊन कोणत्या खोलीवर येणार? सामान किती लांबून येणार? आणि आजी दुपारी कुठे आडवी होणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट आले, तर घर पक्के समजावे.