विश्लेषण : उमरठचा सुभेदार पडद्यावर पुन्हा पुन्हा का येतो?

तानाजी मालुसरे यांची समाधी पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे आहे. त्यांच्यावर ‘तान्हाजी’ (२०२०) हिंदीत, तर ‘सुभेदार’ (२०२३) मराठीत आला. शेवट सर्वांना ठाऊक असूनही अशा चित्रपटांना गर्दी का होते?

परंपरा किती जुनी?

बाबूराव पेंटर यांनी हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यात शेलारमामा झालेल्या व्ही. शांताराम यांच्या पुढच्या एका चित्रपटाच्या नावातील ‘स्वराज्य’ हा शब्द ब्रिटिश सेन्सॉरला खटकला. तो १९३० मध्ये ‘उदयकाल’ या नावाने प्रदर्शित झाला. भालजी पेंढारकर यांनी हीच वाट पुढे नेली.

आकर्षण कशाचे?

शपथ, जिवलग सोबती, अवघड कडा आणि बलिदान. हा सारा ऐवज मूळचा पोवाड्याचा. काय घडले हे श्रोत्याला माहीत असते, शाहीर ते कसे रंगवतो यासाठी तो बसतो. शिवाय नायक राजा नसतो. मुलाचे लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघालेला बाप कुणालाही आपला वाटतो.

महाड-पोलादपूरमध्ये वेगळे काय?

येथे कथेला पत्ता आहे. रायगड महाड तालुक्यात आहे, तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे जाता येते. तानाजींचे पार्थिव सिंहगडावरून मढे घाटाने उमरठला आणल्याचे सांगितले जाते. इथल्या प्रेक्षकासाठी पडद्यावरचा मावळा शेजारच्या गावचा असतो.

मग वाद का होतात?

रायबाचे लग्न आणि घोरपडीचा प्रसंग पोवाडे व लोककथांतून घराघरांत पोहोचले. शाहीर रंग भरतो, हे श्रोता जाणून असे. संगणकीय दृश्यांत मात्र रंग आणि नोंद यांतली रेघ दिसत नाही. सिंहगडाचा मोगल किल्लेदार उदयभान राजपूत होता. ‘तान्हाजी’त तो क्रूर खलनायक झाला. ही भूमिका करणाऱ्या सैफ अली खान यानेच नंतर या चित्रपटाला इतिहास मानत नसल्याचे सांगितले. ‘छावा’ (२०२५) मधील लेझीमचे दृश्य आक्षेपानंतर वगळले गेले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली.

पडद्यावर ज्याला फितूर ठरवले जाते, त्याचे आडनाव लावणारी माणसे आजही गावोगावी राहतात. शौर्यकथेचा आनंद घेताना हे भान सुटले, तर त्याची किंमत त्यांना मोजावी लागते.