जुने रिपोर्ट जपायला स्कॅनर कशाला?

'डॉक्टर, सगळे जुने कागद स्कॅन करून ठेवायचेत, कोणता स्कॅनर घेऊ?' असे हल्ली बरेच पेशंट विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: घरच्या एका फाईलसाठी स्कॅनर घेऊ नका. मोबाईलमधले स्कॅनिंगचे अ‍ॅप पुरते. कागद सपाट ठेवा, सावली पडू देऊ नका, पीडीएफ करा. (गठ्ठाच असेल तर झेरॉक्सवाल्याकडून ३०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या.)

सुरुवात मात्र ईसीजीपासून करा. तो बहुधा थर्मल कागदावर असतो आणि काही वर्षांत पुसट होतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, त्या उष्णतेने कागद काळा पडतो. छातीत दुखते म्हणून आलेल्या पेशंटच्या ईसीजीत दिसणारा बदल आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे जुना ईसीजी समोर असला की चटकन कळते. उपचाराची घाई किती करायची, हे पुष्कळदा त्यावर ठरते.

ठेवायचे कुठे? एकट्या पेनड्राइव्हवर माझा विश्वास नाही. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर त्यातला डेटा जाऊ शकतो. एमआरआयची सीडी घालायला नव्या लॅपटॉपना बहुधा ड्राइव्हच नसतो. ती आताच, अख्ख्या फोल्डरसह, पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. दुसरी प्रत क्लाऊडवर ठेवा आणि पासवर्ड घरात आणखी एकाला सांगून ठेवा. बेशुद्ध माणूस पासवर्ड सांगत नाही! मूळ कागद मात्र फेकू नका, विम्याच्या क्लेमला ते अजूनही मागतात.