'सेव्ह झालं' म्हणजे नक्की काय झालं?

मंडळी, या विकांताला खरं तर ट्रेकवर लिहायचं होतं. पण मध्यंतरी डोक्याला जो शॉट लागलाय तो उतरवल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. त्यामुळे आजचा विषय रुक्ष आहे: मेलसर्व्हरच्या सेटिंग्ज. ज्यांना कंटाळा येणार असेल त्यांनी आत्ताच चहा टाकायला जावं. बाकीच्यांशी मला भांडायचंय.

भांडण कोणाशी? "कमांडलाइन वगैरे सगळं आजोबांच्या काळातलं रे, पॅनेलमध्ये बटण दाबायचं की काम फत्ते" असं म्हणणाऱ्या तमाम पब्लिकशी. त्यात माझे जवळचे मित्रही आहेत, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही होतो.

आधी काय झालं ते सांगतो. आमच्याकडे एका छोट्या कारखान्याच्या मेलसर्व्हरची देखभाल आहे. साधं लिनक्स मशीन, त्यावर पोस्टफिक्स, आणि वर ब्राउझरमधून चालणारं एक पॅनेल. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा निरोप आला की मोठी ड्रॉइंग मेलने येत नाहीयेत, मर्यादा वाढवा. आमच्यातल्या एकाने पॅनेल उघडलं, 'मेलची कमाल साइझ' या खान्यात दहाच्या जागी थेट शंभर एमबी निवडलं (परत कटकट नको म्हणून) आणि बटण दाबलं. वर हिरवी पट्टी आली: सेव्ह झालं. गडी घरी गेला.

सोमवारी दहा वाजता अकाउंट्समधल्या काकूंचा फोन. "अरे, तुमचं ते मेल बंद पडलंय का रे? शुक्रवारपासून एक मेल नाही. आमचे जातायत, पण येत काहीच नाही."

मशीनवर शिरून लॉग बघितला तर तीच ओळ शेकडो वेळा: मेलबॉक्स_साइझ_लिमिट हे मेसेज_साइझ_लिमिटपेक्षा लहान आहे, सबब जीवघेणी चूक. (आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमन.)

प्रकार असा. पोस्टफिक्समध्ये एका मेलची मर्यादा मुळात १,०२,४०,००० बाइट असते आणि एका मेलबॉक्स फाइलची ५,१२,००,००० बाइट. स्थानिक मेलबॉक्समध्ये मेल टाकणारा जो प्रोग्रॅम आहे, तो सुरू होताना या दोन आकड्यांची तुलना करतो. मेलची मर्यादा मेलबॉक्सच्या मर्यादेपेक्षा मोठी दिसली की तो कामच करायला नकार देतो. आम्ही पहिला आकडा शंभर एमबी केला, दुसरा होता तिथेच राहिला. गंमत म्हणजे ५० एमबी निवडलं असतं तरी बोंबच होती, कारण ५० गुणिले १०२४ गुणिले १०२४ म्हणजे ५,२४,२८,८००. थोडक्यासाठी मेलो असतो.

आता यातला भयानक भाग ऐका. बाहेरून मेल स्वीकारणारा प्रोग्रॅम वेगळा असतो, आणि तो ठणठणीत होता. तो प्रत्येकाला "मिळालं, ओके" म्हणत होता आणि मेल रांगेत जमा होत होती. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने मेल पोचली. पोस्टफिक्स अशी अडकलेली मेल मुळात पाच दिवस रांगेत ठेवतं, मग परत पाठवतं. आणि "तुमच्या मेलला उशीर होतोय" अशी सूचना पाठवणारी सोय मुळात बंद असते. म्हणजे काकूंनी फोन केला नसता तर बुधवारपर्यंत कोणालाच पत्ता नाही!

दुसरा आकडा वाढवला, पोस्टफिक्स रीलोड केलं, रांग सोडली. सगळी मेल आली, एकही हरवली नाही. पण त्यात एका गिऱ्हाइकाची शनिवारची मेल होती. सुधारित कोटेशन सोमवारी सकाळी नऊपर्यंत मागितलं होतं. ती ऑर्डर गेली. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांच्या साहेबांनी मात्र बोलायचं ते बोलून घेतलं, आणि त्यात चूक काय होतं?

असो. आता मुद्दा.

पॅनेल खोटं बोललं का? अजिबात नाही. त्याने आकडा फाइलमध्ये लिहिला आणि 'सेव्ह झालं' म्हणालं. फाइल खरंच सेव्ह झाली होती. आपण त्याचा अर्थ 'मेल चालू आहे' असा घेतला, हा आपला गाढवपणा. पण हा गाढवपणा करायला पॅनेलच शिकवतं, अशी माझी तक्रार आहे. पॅनेलमध्ये तेवढेच खाने दिसतात जेवढे ते बनवणाऱ्याला सुचले. पोस्टफिक्समध्ये शेकडो सेटिंग्ज आहेत, आमच्या पॅनेलच्या पानावर पंधराएक होत्या. मेलबॉक्सची मर्यादा त्या पंधरांत नव्हती. जी गोष्ट दिसतच नाही तिचा विचार माणूस करणार कसा?

कमांडलाइनवर मात्र सर्व्हरला थेट विचारता येतं. नुसतं 'पोस्टकॉन्फ' टंका, सगळ्या सेटिंग्ज आणि त्यांच्या किमती समोर. 'पोस्टकॉन्फ -एन' म्हटलं की फक्त मेन डॉट सीएफ या फाइलमध्ये कोणीतरी मुद्दाम लिहिलेल्या तेवढ्या. 'पोस्टकॉन्फ -डी' म्हणजे मूळ किमती. आणि नाव दिलं तर तेवढीच ओळ. यादी ग्रेपमधून 'साइझ_लिमिट' शोधून काढली असती तर दोन्ही आकडे एकाखाली एक दिसले असते. पाच सेकंदांचं काम होतं हो!

इथे कोणी शहाणा म्हणेल, "पोस्टकॉन्फ -ई वापरून तोच आकडा टाकला असता तर तेही निमूट लिहून मोकळं झालं असतं." शंभर टक्के बरोबर. नुसत्या 'पोस्टकॉन्फ -एन'मध्येही ही चूक दिसली नसती, कारण मेलबॉक्सची मर्यादा कोणी फाइलमध्ये लिहिलीच नव्हती, ती मूळ किंमत होती. म्हणून तर म्हणतोय की बदलण्याची आज्ञा पाठ असणं म्हणजे कमांडलाइन येणं नव्हे. बघण्याची आज्ञा आधी यायला हवी, आणि ती काय दाखवते आणि काय दाखवत नाही हेही. पोस्टकॉन्फ फाइल वाचतं. चालू असलेल्या प्रोग्रॅमने ती नवी फाइल वाचलीय की नाही हे ते सांगत नाही. मास्टर डॉट सीएफमध्ये एखाद्या सेवेपुरती वेगळी किंमत दिली असेल तर ती 'पोस्टकॉन्फ -पी' (कॅपिटल पी बरं का) म्हटल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे शेवटचा शब्द नेहमी लॉगचा.

आता दुसऱ्या बाजूच्या वीरांकडे वळतो, कारण ते जास्त धोकादायक आहेत. काळी खिडकी, हिरवी अक्षरं, आणि जालावरून उचललेली आज्ञा जशीच्या तशी चिकटवायची. मेल जाताना 'रिले अॅक्सेस डिनाइड' आलं की मायनेटवर्क्समध्ये सगळं जग टाकून मोकळे होणारे महाभाग मी पाहिलेत. एरर जाते हो! त्याबरोबर सर्व्हरचं दारही जातं. जगातला कोणीही तुमच्या नावाने स्पॅम पाठवू शकतो, तुमचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि मग कारखान्याची खरी बिलंसुद्धा कोणाकडे पोचत नाहीत. हे पॅनेलवाल्यापेक्षा बरं कसं?

याच मायनेटवर्क्सची आणखी एक गोष्ट. ही सेटिंग लिहिलीच नसेल तर पोस्टफिक्स ती स्वतः ठरवतं. २०१५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीआधी ते मुळात आपल्या अख्ख्या सबनेटवर विश्वास ठेवायचं, ३.० पासून फक्त आपल्या मशीनवर. पण जुनी फाइल तशीच पुढे आणली असेल तर सुसंगतीसाठी जुनीच वागणूक चालू राहू शकते. भाड्याच्या सर्व्हरवर त्या सबनेटमध्ये शेजारी कोण आहे, तुम्हाला माहितीय? मग सर्व्हरलाच विचारा ना: 'पोस्टकॉन्फ मायनेटवर्क्स'. एक ओळ.

टायपोची भीती दाखवणाऱ्यांनाही सांगतो. मेन डॉट सीएफमध्ये सेटिंगचं स्पेलिंग चुकलं तर पोस्टफिक्स ओरडत नाही, कारण तिथे आपली स्वतःची नावं बनवायची मुभा आहे. आपण आनंदात की नियम लागला, प्रत्यक्षात काहीच नाही. पण २.९ आवृत्तीपासून पोस्टकॉन्फ अशा न वापरलेल्या नावांबद्दल बजावतं. म्हणजे टायपो पकडायलाही शेवटी बघावंच लागतं.

"पण हे लिनक्सवाल्यांचं खूळ आहे" असं वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टकडे बघा. खिडक्या विकून मोठी झालेली ही कंपनी, पण एक्स्चेंज २००७ मध्ये तिने व्यवस्थापनाचा पाया पॉवरशेलवर घातला. त्यातली चित्रमय खिडकी आतून त्याच आज्ञा चालवायची आणि विझार्ड संपल्यावर चाललेली आज्ञा दाखवायची. त्या आज्ञांची नावं बघा: 'गेट-ट्रान्सपोर्टकॉन्फिग' आणि 'सेट-ट्रान्सपोर्टकॉन्फिग'. बघणं वेगळं, बदलणं वेगळं. वर 'व्हॉट-इफ' लावलं की बदल न करता नुसतं काय होईल ते सांगतं. आणि आज ज्यांची मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहे त्यांनाही बऱ्याच कामांसाठी पॉवरशेल उघडावंच लागतं. "आता कोणाला मेलसर्व्हर लागतो" म्हणणाऱ्यांनी जरा आपल्या वेबसाइटची पावत्या आणि पासवर्डच्या मेल पाठवणारी मशीन्स तपासावीत. तिथे कोपऱ्यात पोस्टफिक्स बसलेलं सापडण्याची बरीच शक्यता आहे, आणि त्याच्या सेटिंग्ज शेवटच्या कोणी बघितल्या हे कोणालाच आठवत नसेल.

त्या सोमवारनंतर आम्ही टीममध्ये एक साधा नियम केलाय. कुठलाही बदल करण्याआधी 'पोस्टकॉन्फ -एन'चं उत्तर एका फाइलमध्ये ठेवायचं. ज्याला हात लावणार त्याच्या आसपासच्या सेटिंग्ज, मूळ किमतींसकट, बघायच्या. बदल आज्ञेनेच करायचा आणि ती आज्ञा तिकिटात चिकटवायची, म्हणजे उद्या दुसऱ्याला कळतं की नक्की काय केलं. रीलोडनंतर पुन्हा 'पोस्टकॉन्फ -एन', दोन्हींचा डिफ. मग बाहेरून एक मेल पाठवायची, ती मेलबॉक्समध्ये पडलेली लॉगमध्ये बघायची, रांग बघायची. मगच घरी. सगळं मिळून दहा मिनिटं. पॅनेल हवं तर वापरा, माझी हरकत नाही, पण हे सगळं तरीही करा.

आणि शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर मेलसर्व्हरला हात लावायचा नाही, हा नियम तर मी भिंतीवरच चिकटवलाय :)

माझा पॅनेलवर राग नाही. राग आहे तो न बघता बदलण्यावर, मग ते माउसने असो की कीबोर्डने. आपल्यासाठी तो एक आकडा असतो. पलीकडे कोणीतरी काकू मेलची वाट बघत बसलेल्या असतात, आणि त्यांना हिरवी पट्टी दिसत नाही.

पटलं नसेल तर जरूर भांडा. पण आधी आपल्या सर्व्हरवर जाऊन 'पोस्टकॉन्फ -एन' टंकून या. आणि त्यातली प्रत्येक ओळ का आहे हे सांगता आलं, तर पुढच्या विकांताला चहा माझ्याकडून.