भामरागडला डॉक्टर हवा आहे, बिश्केकची डिग्री चालेल का?

आमच्या खानदानातली पहिली डॉक्टर म्हणजे माझ्या खालाची मुलगी. बल्लारपूरला पेपर मिलच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस सुरू व्हायचा त्या घरातली. नीटमध्ये पात्र ठरली, पण सरकारी कॉलेजला नंबर लागण्याइतके गुण नव्हते आणि खाजगी कॉलेजची फी ऐकून खालू दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एजंट आला, बिश्केकचं नाव निघालं, घरामागची जागा विकली गेली. २०१८ मध्ये ती किर्गिझस्तानला गेली. आज तिच्याकडे डिग्री आहे, भारतातली स्क्रीनिंग परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र आहे, आणि तरीही ती कायद्याने एका लहान मुलाला पॅरासिटामॉल लिहून देऊ शकत नाही.

मी डॉक्टर नाही. पुण्यात बसून कोड लिहितो. पण घरात तिची फाइल मीच सांभाळतो. कारण 'तू इंजिनिअर आहेस, तुला ऑनलाइनचं कळतं' असं खालाचं मत आहे. त्या फाइलमुळे हा सगळा कारभार मला आतून बघायला मिळाला. आपल्या समाजातली कितीतरी मुलं-मुली दरवर्षी याच वाटेने जातात, म्हणून लिहितोय.

आधी वाट कशी आहे ते. परदेशातून एमबीबीएसच्या बरोबरीची पदवी घेऊन आलेल्याला २००२ पासून एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. ३०० प्रश्न, १५० ला पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, कितीही वेळा देता येते, वर्षातून दोनदा होते. ऐकायला सोपं वाटतं. जून २०२४ च्या सत्रात सुमारे २१ टक्के पास झाले. म्हणजे पाचातला एक. बाकीचे चार पुन्हा क्लास लावतात, पुन्हा फी भरतात, आणि लग्नाच्या दावतीत 'बेटा, अभी तक क्लिनिक नहीं खोला?' हा प्रश्न टाळत फिरतात.

त्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमातून हवा, त्याच विद्यापीठात १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, त्या देशात तिथल्या नागरिकासारखी प्रॅक्टिस करायची परवानगी मिळण्याजोगी पदवी हवी, आणि इथे परतल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. सगळं मिळून दहा वर्षांच्या आत. या नियमांनी फिलिपिन्सची वाट जवळजवळ बंद केली, कारण तिथला एमडीचा मुख्य अभ्यासक्रम ४८ महिन्यांचा. ५४ आणि ४८ यांतला सहा महिन्यांचा फरक किती घरांवर पडला असेल, याचा विचार करा. हे एजंटच्या पत्रकात नव्हतं.

बहिणीच्या बाबतीत अडचण निघाली ती कोरोनाची. २०२० च्या मार्चनंतर तीही घरी आली आणि बरेच महिने मोबाइलवर लेक्चर ऐकत बसली. नंतर परत जाऊन तिने प्रॅक्टिकल भरून काढले. पण ते भरून काढल्याचा दाखला, त्यावर विद्यापीठाचा शिक्का, त्यावर दूतावासाचा शिक्का, असं एकेक मागणं येत गेलं. कागद तपासणाऱ्या एका कार्यालयाने तीच फाइल तीन वेळा परत पाठवली, दर वेळी नवं कारण. आमच्या धंद्यात कुणी चुकांची यादी अशी एकेक करून दिली असती तर त्याला आम्ही मीटिंगमध्ये बसवून विचारलं असतं, एकदाच सगळं का नाही सांगितलंस? इथे विचारणार कुणाला?

परीक्षेतही ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास. या परीक्षेची प्रश्नपत्रिका आणि उत्तरं जाहीर होत नाहीत, पेपर पुन्हा तपासून मिळत नाही. एकूण गुण कळतात, पण कुठे चुकलं ते कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये टेस्ट नापास झाली तर निदान लॉग मिळतो, कुठल्या ओळीवर फुटलं ते दिसतं. तो नसेल तर माणूस अंदाजाने दुरुस्ती करत राहतो. क्लासवाल्यांचा धंदा याच अंदाजावर चालतो.

तरी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, काही वाचकांना आवडणार नाही. परीक्षा सोपी करा ही मागणी मला मान्य नाही. बहीणच सांगते की तिच्या वर्गातल्या काहींनी पाच वर्षांत मोजके पेशंट पाहिले. भाषा येत नाही म्हणून वॉर्डात भिंतीला टेकून उभे राहिले आणि संध्याकाळी हॉस्टेलवर हैदराबादच्या क्लासचे व्हिडिओ बघितले. अशा डॉक्टरला थेट खुर्चीवर बसवायचं नसतं. गाळणी हवीच. माझं भांडण गाळणीतून जे पार झाले त्यांच्यासाठी पुढे रस्ताच नाही, याच्याशी आहे.

कारण पास झाल्यावर इंटर्नशिपची जागा लागते, आणि ती मिळत नाही. आयोगाच्या नियमाप्रमाणे मेडिकल कॉलेजने आपल्या जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंत परदेशी पदवीधर घ्यायचे. शंभर जागांच्या कॉलेजात सात. त्यांना इथल्या मुलांइतकंच विद्यावेतन द्यायचं असंही आयोग म्हणतो. पण एका कॉलेजात बहिणीला तोंडी सांगितलं गेलं की जागा हवी असेल तर पैशाची अपेक्षा धरू नका.

आता नकाशा उघडा. चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेज २०१५ मध्ये सुरू झालं. गडचिरोलीला २०२४-२५ मध्ये. म्हणजे गडचिरोलीच्या पहिल्या तुकडीची मुलं साडेचार वर्षं शिकून इंटर्न म्हणून वॉर्डात येतील ती २०२९ च्या सुमारास. इंटर्न म्हणजे सरकारी दवाखान्याचे हातपाय असतात. रात्री दोनला सलाईन लावणारा, रक्ताचा नमुना घेऊन पळणारा, नातेवाइकांना समजावणारा. गडचिरोलीला तोपर्यंत हे हात कुठून येणार? आणि तिकडे नागपूरच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये पास झालेली मुलं जागेची यादी कधी लागते ते बघत बसली आहेत.

भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात वाचत आलोय. खाटेची कावड करून बाळंतिणीला नाल्यापलीकडे नेल्याचे फोटो दर पावसाळ्यात फिरतात. मलेरिया आहे, सिकलसेल आहे, सर्पदंश आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भार अनेक ठिकाणी कंत्राटी आणि बीएएमएस डॉक्टरांवर आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना वर्षभराचा बाँड आहे, पण दहा लाख भरून सुटायची सोय वर्षानुवर्षे होती. ज्याच्या बापाकडे दहा लाख होते तो धानोऱ्याला कशाला जाईल?

मग माझं म्हणणं सरळ आहे. गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय, महिला व बाल रुग्णालय आणि अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय इथे परीक्षा पास झालेल्या परदेशी पदवीधरांना इंटर्नशिप द्या, देखरेख चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कॉलेजांनी करावी. विद्यावेतन पूर्ण द्या. बदल्यात पुढचं एक वर्ष दुर्गम केंद्रावर सेवेचा बाँड लिहून घ्या, आणि त्यात पैसे भरून सुटायची सोय ठेवू नका. मध्यंतरी आयोगाने शिक्षण-रुग्णालय नसलेल्या काही दवाखान्यांतही इंटर्नशिपची सवलत दिलीच होती. म्हणजे ही गोष्ट नियमात बसवता येते.

अमेरिकेत असंच एक गणित तीसएक वर्षं चालू आहे. आपल्याला अमेरिकेतल्या डॉक्टरांचे बंगले दिसतात, पण तिथलं फाटक आपल्यापेक्षा अरुंद आहे. बाहेरच्या डॉक्टरला तीन टप्प्यांची यूएसएमएलई द्यावी लागते, आणि मायदेशी दहा वर्षं सर्जन असला तरी तिथे पुन्हा शिकाऊ म्हणून रेसिडेन्सी करावी लागते. त्या जागा मिळतानाही अमेरिकेत शिकलेल्या एमडींपैकी दहातले नऊहून अधिक लागतात, बाहेरच्या देशांतून आलेल्यांपैकी दहातले सहाच्या आसपास. तरीही तिथल्या डॉक्टरांपैकी जवळपास चौथा हिस्सा परदेशात शिकलेला आहे, आणि खेड्यांत त्यांच्यावाचून अडतं. म्हणून १९९४ मध्ये त्यांनी एक तोड काढली. शिकायला आलेल्या डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं, तर त्याला दोन वर्षं मायदेशी परतायची अट माफ. दर राज्याला वर्षाला ३० जागा. टेनेसी राज्याने तर २०२३ मध्ये कायदाच केला. बाहेर पूर्ण शिकलेल्या आणि अनुभवी डॉक्टरला, रेसिडेन्सी चालवणाऱ्या रुग्णालयात नोकरी मिळाली तर, आधी तात्पुरता परवाना आणि दोन वर्षांनी पूर्ण परवाना. नंतर इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले. हे त्यांनी उपकार म्हणून केलं नाही, त्यांना गरज होती. गरज आपल्यालाही आहे.

यावर एक आक्षेप मला पुण्यातल्या एका मित्राने घेतला. तो मूळचा कोरचीकडचा, गोंड. म्हणाला, 'म्हणजे शहरात जे चालत नाहीत ते आमच्याकडे पाठवायचे? आमची माणसं काय तुमच्या बहिणीला शिकायला ठेवली आहेत का?' मी गप्प झालो. प्रश्न बरोबर होता, आणि त्याच्या मागे बराच इतिहास आहे. शिक्षा म्हणून बदली म्हणजे गडचिरोली, ही सरकारी खात्यांची जुनी सवय.

त्याला माझं उत्तर अर्धंच आहे. पास झालेला परदेशी पदवीधर इथल्या डॉक्टरपेक्षा कायद्याने कमी ठरत नाही, आणि इंटर्न एकटा काही करत नाही. वर कुणीतरी असायलाच हवं. ते वरचं माणूस द्यायचं नसेल तर ही योजना आणूच नका, इतकं मी मित्राला कबूल केलं. देखरेख खरी असली तर काय होऊ शकतं ते याच जिल्ह्यात दिसलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून शिकून १९८४ मध्ये परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' उभी केली. त्यांनी ३९ गावांत साध्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं की तिथले नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. त्या बायांकडे डिग्री नव्हती. नेमकं काम, पक्कं प्रशिक्षण आणि नियमित तपासणी होती.

दुसरी गोष्ट भाषेची. अमेरिकेत जाणाऱ्या डॉक्टरला आता इंग्रजी बोलण्याची वैद्यकीय परीक्षा द्यावी लागते, पेशंटचं ऐकता येतं का ते बघतात. भामरागडला जाणाऱ्याला माडिया येते का, हे कुणी विचारत नाही. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले. बिश्केकला आपली मुलं रशियन शिकतात, कारण त्याशिवाय वॉर्डात कुणी बोलत नाही. मग तीन महिन्यांत माडिया का नाही? बाँडमध्ये ही अटही घाला.

आता आपल्या माणसांसाठी दोन शब्द. पुढच्या वर्षी कुणी भाऊ-बहीण बाहेर जाणार असेल तर एजंटच्या दुकानात जाण्याआधी एफएमजीईचे कॉलेजवार निकाल बघा. परीक्षा घेणारं मंडळ ते प्रसिद्ध करतं. ज्या कॉलेजातले दोनशे बसून पंधरा पास होतात तिथे जमीन विकून जाऊ नका. ५४ महिने आणि १२ महिने हे दोन्ही आकडे प्रवेशपत्रावर लेखी घ्या. आणि मोहल्ल्यातल्या जमातींनी, ट्रस्टांनी नुसता सत्कार करून शाल देण्याऐवजी परतलेल्या मुलांच्या इंटर्नशिपच्या वर्षाचा खोलीभाड्याचा खर्च उचलला तर बरं. शाली आमच्या घरात चार आहेत.

बहिणीला मी हा लेख पाठवण्याआधी वाचून दाखवला. अहेरीला जाशील का, विचारलं. म्हणाली, "भाई, आलापल्लीपर्यंत एसटी जाते ना? मग जाईन. पण आधी जागा तर निघू दे." खाला बाजूला बसून ऐकत होती. तिने विचारलं, तिकडे राहायला क्वार्टर मिळतं का, मुलीला एकटीला कसं पाठवायचं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मागणीच्या यादीत तेही टाकलं: आरोग्य केंद्राला लागून दार नीट बंद होणारं क्वार्टर, वीज आणि पाणी.