भंगारात देण्याआधी तबकडी उजेडात धरून पाहा

आंजीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या मंडळींनो, दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची कॅसेटची पेटी खाली येते. एखाद्या घरी तिच्यासोबत काळ्या तबकड्याही निघतात. "आता मोबाइलवर सारंच भेटते" असं म्हणून पेटी दाराबाहेर ठेवली जाते आणि भंगारवाला ती किलोवर घेऊन जातो. माझी कळकळीची विनंती आहे, यंदा ती पेटी देऊ नका. मोबाइलवर जे मिळतं ते तुमच्या पेटीतलंच असतं, असं मुळीच नाही. गाण्याचं नाव तेच, गायक तोच, मुखपृष्ठावर फोटोही तोच, तरी आत वेगळं काही असू शकतं. बाजार बदलला की कंपन्या गाण्याचा संच बदलतात. हे आजचं नाही आणि चोरूनही चालत नाही, हा त्यांचा उघड व्यवसाय आहे.

जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बीटल्सचं. लिव्हरपूलच्या या चार तरुणांची 'विथ द बीटल्स' ही तबकडी नोव्हेंबर १९६३ मध्ये इंग्लंडात आली, तिच्यात चौदा गाणी होती. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९६४ मध्ये, अमेरिकेच्या कॅपिटॉल कंपनीने 'मीट द बीटल्स!' काढली. मुखपृष्ठावर तोच फोटो आणि आत बारा गाणी. जुन्या चौदांपैकी नऊच घेतली आणि तीन बाहेरून आणून बसवली. अमेरिकेत गीतकार-संगीतकाराचं मानधन दर गाण्यामागे द्यावं लागे, म्हणून एका तबकडीत गाणी कमी ठेवणं कंपनीला परवडत असे. उरलेल्या गाण्यांतून पुढची तबकडी निघायची, ती वेगळी विकायची. एवढ्यावर भागलं नाही. तिथल्या ग्राहकाला आवडेल म्हणून कॅपिटॉलने काही गाण्यांच्या आवाजाला वरून घुमाराही चढवला. अमेरिकेतली एक अख्खी पिढी तोच आवाज खरा मानून वाढली. बीटल्सचीच 'सार्जंट पेपर' ही तबकडी १९६७ मध्ये निघाली, तेव्हा कुठे दोन्ही देशांत गाण्यांचा क्रम जवळजवळ एक झाला.

जपानमध्ये याच्या उलट होतं. तिथे देशात निघालेल्या सीडीची किंमत ठरलेली आणि चढी असते, बाहेरून आलेली सीडी स्वस्त पडते. मग ग्राहकाने देशातली सीडी का घ्यावी? म्हणून कंपन्या जपानी आवृत्तीत एकदोन जादा गाणी घालतात, शब्दांचं भाषांतर छापलेली पुस्तिका देतात आणि कव्हरवर जपानी मजकुराची कागदी पट्टी गुंडाळतात. कॅसेटची अडचण आणखी निराळी. ए आणि बी या दोन्ही बाजू साधारण सारख्या वेळेच्या झाल्या नाहीत तर एका बाजूला टेप रिकामी फिरत राहते. त्यामुळे तबकडीवरून कॅसेट काढताना गाण्यांचा क्रम हलवला जाई, कधी एखादं गाणं गाळलंही जाई.

आपल्याकडे पाहू. ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन कलकत्त्याला आलेल्या फ्रेड गैसबर्गसमोर नोव्हेंबर १९०२ मध्ये गायिका गौहरजान गायल्या. ते ध्वनिमुद्रण जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेलं, तिथे तबकड्या छापल्या आणि जहाजाने परत येऊन इथे विकल्या गेल्या. गाणं संपताना गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, कारण तिकडच्या कामगारांना कुठली तबकडी कोणाची हे कळायला हवं होतं. म्हणजे आपल्या गाण्याचा शेवट कसा व्हावा, हे पहिल्याच खेपेला परदेशातल्या कारखान्याच्या सोयीने ठरलं. लांबीही यंत्रानेच ठरवली. रंगभूमीवर वन्समोअर घेत बराच वेळ रंगणारं नाट्यपद ७८ फेऱ्यांच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांत उरकावं लागे. आपण आज 'जुनं नाट्यसंगीत' म्हणून जे ऐकतो ते बरंचसं या मापात बसवलेलं आहे. उस्ताद अली अकबर खाँ यांची १९५५ ची अमेरिकेत निघालेली एलपी सुरू होते ती व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या निवेदनाने, कारण तिथल्या श्रोत्याला सरोद आणि राग ओळख करून दिल्याशिवाय कळणार नव्हता. हा बदल मला पटतो. ऐकणाऱ्याला हात धरून आत नेणं आणि मूळ वस्तू कापणं, यात फार अंतर आहे.

आणि 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ते दर आठवड्याला एक असं छप्पन गाण्यांचं झालं. तेव्हा ती गाणी अनेक गळ्यांतून आली. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक. पुढे बाजारात तबकड्या आल्या त्यांत सगळी गाणी एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात आहेत. बाबूजींनी ती अप्रतिमच गायली, त्यात वाद नाही. पण त्या तबकड्या घराघरांत गेल्या आणि रेडिओवरचे बाकीचे गळे बहुतेकांच्या कानांतून निसटले. बाजारात येणारी आवृत्ती चांगली असली तरी मूळ आवृत्ती बाजूला पडते, ते असं.

मग मूळ वाचतं कशाने? बहुतेक वेळा कुणीतरी फेकून न दिल्यामुळे. गायिका केसरबाई केरकर गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून अवकाशात पाठवली गेली. निवड झाली तेव्हा ती तबकडी बाजारातून नाहीशी झाली होती. शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागे टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. त्या दुकानदाराने खोकं रद्दीत दिलं असतं तर?

म्हणून पेटी उघडा आणि एकेक वस्तू हातात घ्या. तबकडी असेल तर कडेने धरा, बोटं खाचांवर टेकू देऊ नका आणि खिडकीच्या उजेडात तिरपी करा. शेवटची खाच संपते आणि मधला कागद सुरू होतो, त्यामध्ये एक गुळगुळीत पट्टा असतो. त्यावर कोरलेले किंवा ठशाने उठवलेले अंक-अक्षरं दिसतील. कागदावर छापलेला क्रमांक कंपनी दर बाजारात बदलू शकते. पण पट्ट्यावरचा क्रमांक ती तबकडी कुठल्या साच्यातून निघाली हे सांगतो. तो वहीत उतरवून ठेवा. कॅसेट असेल तर आतला घडीचा कागद पूर्ण उलगडा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ए नुसार ध्वनिमुद्रणावर ते तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक आहे. १९८४ मध्ये ही तरतूद आली. त्यानंतरच्या कॅसेटवर यातलं काहीच नसेल तर प्रत नकली असण्याचा संभव मोठा.

नवं ऐकतानाही तेवढंच चौकस राहा. दुसऱ्याने गायलेल्या आवृत्त्या आपल्याकडे वर्षानुवर्षं मूळ गायकाचा फोटो लावून विकल्या गेल्या. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ सी आलं. त्याखाली काढलेल्या आवृत्तीवर ही मूळ नव्हे, दुसऱ्याने गायलेली आहे, असं स्पष्ट छापावं लागतं, आणि मूळ कलाकाराचं नाव किंवा चित्र वापरता येत नाही. मोबाइलवर 'रीमास्टर', 'रीमिक्स', 'व्हर्जन' असे शब्द बारीक अक्षरांत असतात, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोरांनाही ती सवय लावा.

आता थोडं गाणाऱ्यांसाठी, कारण आपल्या भागात खंजिरीवर भजन म्हणणारे, भीमगीतं गाणारे, लोकगीतं रचणारे कमी नाहीत आणि त्यांच्याकडे कंपन्यांचे, चॅनलवाल्यांचे फोन येतात. भाऊ, ताई, सही करण्याआधी कागदात चार गोष्टी बोटाने शोधा: कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती. वर्षं लिहिली नसतील तर कायदा पाच धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणून 'कायमचे' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द त्या कागदात मुद्दाम घातलेले असतात. तुमचं गाणं विकृत केलं तर हरकत घेण्याचा हक्क कलम ३८ बी कलाकाराला देतं. पण वेळेत बसवण्यासाठी काही भाग कापला, तर तेवढ्यानेच बदनामी झाली असं ते कलम मानत नाही. भजनाचं कडवं किंवा रचणाऱ्याची नाममुद्रा कापायची नाही, अशी अट हवी असेल तर ती लेखी घालून घ्या. तोंडी शब्दावर विसंबू नका. कागद इंग्रजीत असेल तर वकिलाला किंवा जाणत्या शिक्षकाला दाखवून मगच सही करा, एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

शेवटी त्या कॅसेट, ज्यांवर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. सप्ताहात, भजनाच्या स्पर्धेत, कुणाच्या अंगणात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या. यांची जगात दुसरी प्रत नाही, म्हणून त्या आधी घ्या. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या चौकोनी पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं भरलं जाणार नाही. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, चांगलं यंत्रही खराब होईल. टेप ठीक असेल तर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, मग वाजवा. स्पीकरसमोर मोबाइल धरून भरू नका, पंख्याचा आवाजही त्यात जातो. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकात वायर लावून ती संगणकाला जोडा आणि फाइल 'वेव्ह' प्रकारात जपा. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल तासाला साधारण ६०० एमबी घेते, म्हणजे ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर शंभरेक तास मावतात. दोन पेन ड्राइव्ह करा आणि ते दोन वेगळ्या घरांत ठेवा. भरून झाल्यावरही मूळ कॅसेट टाकू नका.

आणि त्याच आठवड्यात घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला बसवून ती ऐकवा. खंजिरी कोणाची, पेटीवर कोण, मागून झील कोण धरतंय, साल कोणतं, हे ते सांगतील तसं कॅसेटच्या कागदावर बॉलपेनने लिहून घ्या.